गच्चीवरचा बॉयलर : ग्वाल्हेरमधल्या एका छोट्या वाफेच्या इंजिनाचे प्रकरण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी घरात खऱ्या वाफेवर चालणारे आगगाडीचे छोटे मॉडेल-इंजिन कसे आले, आल्यावर त्यात काय निघाले आणि आज ते कोणत्या शिस्तीवर चालते, याची ही नोंद आहे. घरातले ज्येष्ठ गृहस्थ बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांचा पुतण्या मालनपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरीला आहे. मला बोलावणे आले ते फक्त बॉयलर पाहण्यासाठी, पण बॉयलरचे दुखणे खरेदीपासूनच सुरू झालेले असल्यामुळे पुढे सगळेच पाहावे लागले.

नानांना हवे होते ते शिंदेशाहीतल्या छोट्या गाडीचे इंजिन. ग्वाल्हेर लाइट रेल्वेचे रूळ दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटर रुंदीचे. १८९९ मध्ये भिंड आणि शिवपुरीकडचे मार्ग खुले झाले, १९०९ मध्ये गाडी श्योपूर कलांपर्यंत पोचली आणि १९५१ मध्ये ही संस्थानी रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. श्योपूरचा सुमारे २०० किलोमीटरचा मार्ग मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबला आणि नॅरोगेजवर पुन्हा सुरू झालाच नाही. नानांचे आजोळ याच मार्गावरच्या सबलगढचे, त्यामुळे या गाडीची ओढ घरातूनच आलेली.

बाजारात सहज मिळणारी बारीक कामाची मॉडेले बहुतेक १:८७ प्रमाणातली असतात आणि साडेसोळा मिलिमीटरच्या रुळांवर विजेने धावतात. ही रुंदी १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय रुळांवरून काढलेली आहे. आपली मोठी लाइन १६७६ मिलिमीटरची, तिला या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटरहून थोडे अधिक लागते. म्हणून त्या रुळांवरचे डब्ल्यूपी, म्हणजे आपल्या मोठ्या लाइनीवरचे वाफेचे इंजिन, कितीही सुबक केले तरी समोरून पाहताना पाय जवळ घेऊन उभे असल्यासारखे दिसते. दोन फुटी गाडीचे नशीब मात्र चांगले. एका फुटाला १६ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:१९, असे एक प्रमाण ब्रिटनमध्ये रूढ आहे आणि त्यात दोन फूट म्हणजे बरोबर ३२ मिलिमीटर होतात. या मापात खऱ्या वाफेवर चालणारी इंजिने तयार मिळतात. ग्वाल्हेरच्या मार्गावर धावलेल्या २-८-२ चाकरचनेच्या (पुढे दोन, मध्ये आठ आणि मागे दोन चाके) इंजिनांसारखे हुबेहूब इंजिन तयार मिळणे दुरापास्त होते, शिवाय तेवढ्या लांबीला गच्चीवर मांडायच्या रुळांची वळणेही पुरली नसती. म्हणून ०-६-० चाकरचनेचे, बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेले ब्रिटिश बनावटीचे इंजिन घ्यायचे ठरले. हा निर्णय मला अजूनही योग्य वाटतो. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर मद्य आणि चिरूट फिरवणारी चांदीची आगगाडी पाहून मोठे झालेल्या ग्वाल्हेरकराला छोटी गाडी म्हणजे विजेचीच असे वाटणे स्वाभाविक आहे. नानांना मात्र धुराड्यातून तेलकट वाफेचा वास यायला हवा होता.

नवे इंजिन परदेशातून मागवण्याचा विचार लवकरच मागे पडला. अशी मॉडेले सीमाशुल्काच्या दृष्टीने खेळण्यांच्या शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचे मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्याशिवाय जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) चिन्ह सक्तीचे आहे. हा आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे, पण पार्सल अडले की ते सिद्ध करण्याचे काम मागवणाऱ्याच्या गळ्यात पडते. विमानाने येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून आणण्याचा मार्ग इंजिनातल्या वापरलेल्या गॅसटाकीपाशी बंद होतो, कारण एकदा गॅस भरलेली टाकी सामानात घ्यायला विमान कंपन्या राजी नसतात. शेवटी देशातल्याच दुसऱ्या शहरातल्या एका संग्राहकाकडून वापरलेले इंजिन घेतले गेले. छायाचित्रे देखणी होती: रिव्हेटांच्या ओळी, पितळी घुमट, दिव्याच्या खुंट्या, धुराड्याची तांब्याची कडा. ‘बॉयलर तपासलेला आहे’ एवढे तोंडी आश्वासन मिळाले. कागद मात्र आला नाही, आणि कागद मागितल्यावर उत्तरही आले नाही.

इथे माझे स्पष्ट मत असे की वापरलेले वाफेचे इंजिन घेताना रंगाची छायाचित्रे मागण्यात काही अर्थ नाही. धूम्रपेटीचे, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीचे, दार उघडून आतला, चालकाच्या खोपीचे छप्पर काढून बॉयलरच्या मागच्या तोंडाचा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा वाफ सोडणारी झडप) काढून त्याच्या बैठकीचा फोटो मागावा. हे तीन फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडचे इंजिन काचेच्या कपाटासाठी घ्यावे आणि किंमतही त्याच हिशेबाने द्यावी.

लष्कर भागातल्या घरी इंजिनाचे छप्पर काढून पाहिले तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्हच्या गोळीभोवती पांढरा थर होता आणि ती बोटाने दाबल्यावर सहज हलत नव्हती. प्रेशर गेजच्या नळीच्या सांध्यावर हिरवा कळंक चढला होता. ही दोन्ही लक्षणे किरकोळ म्हणता आली असती. नळाचे पाणी वापरले आणि इंजिन ओलेच ठेवून दिले एवढेच ती सांगतात. खरी अडचण पाणकाचेच्या (बॉयलरमधले पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीच्या) वरच्या बुशापाशी, म्हणजे ती जिथे बसते त्या धातूच्या कडीपाशी, होती. या बॉयलरचे सगळे सांधे चांदीच्या डाखाचे आहेत. त्या डाखाची कडा पातळ, किंचित पिवळसर आणि तांब्यात मुरलेली दिसते. वरच्या बुशाभोवती मात्र करड्या रंगाचा, मऊ, नखाने ओरखडा उठेल असा जाडसर थर बसलेला होता. तो कथलाचा डाख होता. चांदीचा डाख वितळायला ६०० अंशांहून अधिक उष्णता लागते, कथील-शिशाचा साधा डाख १८३ अंशांपासूनच सुटू लागतो. ६० पौंड दाबाच्या वाफेचे तापमान १५० अंशांच्या पुढे असते, म्हणजे तो सांधा रोज आपल्या मरणापासून तीसेक अंशांवर काम करत होता आणि पाणी कमी पडले असते तर तेवढेही अंतर राहिले नसते.

या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह चौरस इंचाला ६० पौंडांवर उघडतो. चालताना काटा ४० च्या आसपास राहतो. थंड पाण्याची नेहमीची चाचणी दीडपट दाबावर घेतात, म्हणून ९० पौंड ठरवले. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे बूच बसवले, इंजिनाचे गेज बाजूला ठेवून खात्रीचे मोठे गेज जोडले आणि बॉयलर हवेचा बुडबुडाही न राहील असा काठोकाठ भरला. हवा राहिली की ती दाबली जाऊन स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते आणि सांधा सुटला तर तुकडा उडतो. पाणी दाबले जात नसल्याने सांधा सुटला तरी थेंब पडतो आणि काटा खाली येतो. काटा ७० च्या पुढे गेलाच नाही. करड्या थराच्या खालच्या कडेला पाण्याचा एक मणी जमला, ओघळला, आणि त्याच जागी दुसरा उभा राहिला.

नाना म्हणाले, “अरे, एवढ्याशा थेंबासाठी सगळं इंजिन खोलायचं? वरून थोडा डाख आणखी देऊन भागणार नाही का?”

पुतण्याने तिथल्या तिथे सांगितले, “काका, तुम्ही पुलाच्या भेगेवर कधी नुसता गिलावा केला होता का?” त्यापुढे वाद झाला नाही.

दुरुस्ती कोणाकडून करावी हा प्रश्न सोपा नव्हता. सराफ्यातल्या कारागिराचा हात डाखात बसलेला असतो, पण तो दागिन्याएवढ्या वस्तूवर. तांब्याचा बॉयलर उष्णता इतक्या वेगाने अंगभर पसरवतो की सराफाच्या फुंकणीने सांधा लाल होईपर्यंत बाकीचा बॉयलर ती ओढून घेतो. त्याने इंजिन हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि प्रामाणिकपणे नकार दिला. शेवटी शीतकपाटे आणि एसी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराची मोठी बत्ती आणि पुतण्याची देखरेख, अशी सोय झाली. तांब्याच्या नळ्या जोडताना हे कारागीर फॉस्फरसयुक्त तांब्याच्या कांड्या वापरतात. त्या स्वस्त असतात, पण इथे बुश काशाचा आणि जागा दाबाची असल्यामुळे ५५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली कांडी आणि तिचाच फ्लक्स घेतला. ती ६३० ते ६६० अंशांत वितळते. कॅडमियमच्या कांड्या अजूनही विकल्या जातात आणि त्यांचा धूर फुप्फुसाला घातक असतो, म्हणून वेष्टनावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय कांडी घेऊ नये.

त्याआधी कथलाचा कण न् कण काढणे हे सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे काम होते. शिसे किंवा कथील राहिलेल्या जागी चांदीचा डाख नीट धरत नाही. उष्णता लागली की ते तांब्याच्या पृष्ठभागात शिरून सांधा ठिसूळ करते. जुना बुश फेकून दिला, भोक कानशीने थोडे मोठे करून चकचकीत तांबे उघडे केले आणि नवा बुश लेथवर करून घेतला. डाख दिल्यावर बॉयलर पातळ सायट्रिक आम्लात ठेवून काळपट थर काढला. मोठ्या दुरुस्तीनंतर दुप्पट दाब लावायचा, या रिवाजाने १२० पौंडांची चाचणी घेतली. काटा हलला नाही.

ही काळजी घरच्या माणसांनीच घ्यायची असते, कारण कायदा इथपर्यंत येत नाही. आपल्या बॉयलर कायद्यातून २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची पात्रे वगळलेली आहेत आणि या इंजिनाचा बॉयलर अर्ध्या लिटरचाही नाही. निरीक्षक येणार नाही, प्रमाणपत्र कोणी मागणार नाही. ब्रिटनमध्ये छंदी मंडळांचे परीक्षक ही कमतरता भरून काढतात. ग्वाल्हेरमध्ये तशी सोय नसल्याने चाचणीची तारीख, दाब आणि गेजचा क्रमांक एका वहीत लिहायचे ठरले. विक्रेत्याला पाण्याच्या मण्याचे छायाचित्र पाठवले होते. उत्तर आले नाही आणि नानांनीही पाठपुरावा केला नाही.

बॉयलर मार्गी लागल्यावर पाण्याचा प्रश्न आला. तिघऱ्याच्या धरणाचे नळाचे पाणी असो वा बोअरचे, क्षार दोन्हींत असतात आणि वाफ निघून गेली की ते मागे राहतात. घरातल्यांचा साहजिक उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणी. पण बाजारात त्या नावाने मिळणारे पाणी बहुधा रेझिनमधून क्षार काढलेले असते, उकळून पुन्हा थंड केलेले नसते. असे विआयनित पाणी पितळी भागांना बाधते म्हणून ते वापरू नये, अशी ताकीद काही निर्माते आपल्या पुस्तिकेतच देतात. एसीचे ठिबकणारे पाणी धूळ बसलेल्या धातूच्या जाळीवरून येते, तेही नको. इथे पावसाचे पाणी वापरतात: गच्ची धुऊन निघाल्यानंतरच्या सरींचे धरलेले, दुहेरी फडक्यातून गाळलेले आणि काचेच्या बरण्यांत भरलेले. वर्षभराला पुरेल इतके पाणी एका चांगल्या श्रावणात जमते. भरताना बॉयलर आधी पूर्ण भरतात आणि मग पिचकारीने सुमारे ३० मिलिलिटर काढून घेतात, म्हणजे वाफेला जागा राहते. नाहीतर पहिल्या मिनिटाला धुराड्यातून गरम पाण्याचे शिंतोडे अंगावर येतात.

तेलाच्या बाबतीत आधीच्या मालकाने जी काटकसर केली होती ती वंगणपात्र उघडताच दिसली. हे पात्र चातुर्याचे आहे. वाफ त्यात शिरून निवते, तिचे पाणी तेलाखाली बसते आणि तेवढेच तेल वर उचलले जाऊन वाफेबरोबर सिलिंडरात जाते. यासाठी तेल आणि पाणी वेगळे राहायला हवे. पात्रात मात्र दुधाळ, ताकासारखा लगदा होता, म्हणजे मोटारीचे इंजिन ऑइल घातलेले होते. त्यातली मळ धरून ठेवणारी रसायने पाण्याशी मिसळून जातात, पाणी खाली बसत नाही आणि दट्ट्याला तेल मिळणे बंद होते. या कामाला ४६० ग्रेडचे, चरबीयुक्त घटक मिसळलेले स्टीम सिलिंडर ऑइल लागते. ते मोटारीच्या दुकानात मिळत नाही, औद्योगिक वंगणाच्या विक्रेत्याकडे मिळते, आणि तो लिटरभर द्यायला तयार झाला की आयुष्यभराची बेगमी होते. बाहेरच्या दांड्यांना आणि चाकांच्या आसांना शिवणयंत्राचे तेल पुरते, तेही सुईच्या टोकावरून एकेक थेंब.

गॅसने मात्र हवामानाचा हिशेब शिकवला. इंजिनाच्या पोटातली छोटी टाकी ब्युटेनवर चालते. ब्युटेन शून्याखाली अर्ध्या अंशाला उकळते. २० अंशांना त्याचा दाब साधारण २ बार असतो आणि ४५ अंशांना त्याच्या दुप्पट. मे महिन्यात गच्चीवर टाकी उन्हात तापली की बर्नर घोंगावू लागतो, ज्योत जागा सोडते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा फुसफुसत राहतो. म्हणून उन्हाळ्यात इंजिन फक्त पहाटे चालते, गॅसचा डबा घरात सावलीत राहतो आणि टाकी पूर्ण भरली जात नाही. घरगुती सिलिंडरमधून गॅस काढून भरण्याची कल्पना कोणीतरी सुचवली होती. त्यात प्रोपेनही असल्याने दाब आणखी वाढतो आणि असे गॅस काढणे बेकायदा आहे, त्यामुळे ती तिथेच थांबवली. लायटरमध्ये भरायच्या चांगल्या शुद्ध गॅसचे डबे वापरले जातात. एका भरण्यात साधारण वीस मिनिटे मिळतात, आणि पाणी संपण्याआधी गॅस संपावा अशीच टाकीची मापे ठरवलेली असतात. मध्येच गॅस पुन्हा भरायचा असेल तर आधी पाणी भरायचे, हा नियम मोडता येत नाही.

थंडीत उलटा प्रकार झाला. जानेवारीत ज्योत मलूल दिसू लागली आणि घरातल्यांनी दोष ग्वाल्हेरच्या गारठ्याला दिला. टाकी कोमट पाण्यात ठेवूनही फरक पडेना. थंडीने दाब कमी झाला असेल तर ज्योत सुरुवातीला बरी असते आणि पुढे खचत जाते, कारण वाफ होताना गॅस स्वतःची टाकीच गार करतो. इथे ती पेटवल्या क्षणापासून अर्धी होती. दोष थंडीचा नसून जेटचा, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचा, होता. जेटचे छिद्र केसाएवढे असते आणि स्वस्त गॅसमधला तेलकट अंश तिथे साचतो. त्यात तार घालायची नाही. छिद्र रतीभरही मोठे झाले की ज्योत कायमची बिघडते. जेट काढून त्याच्या पुढच्या तोंडाकडून गॅसच्या डब्याचा झोत उलटा सोडला, आणि पुढच्या पेटवण्याला काटा नेहमीच्या वेळात ४० वर आला.

बारीक कामाच्या इंजिनाची साफसफाई ही वेगळीच कटकट आहे. ग्वाल्हेरची धूळ रिव्हेटांच्या ओळींत, हातदांड्यांच्या मागे आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यांत बसते आणि तेलावर चिकटून कानशीचे काम करते. काकूंनी देवघरातल्या भांड्यांबरोबर पितळी घुमटही चिंच आणि पुडीने लखलखीत केला. घुमट छान दिसला, पण पूड व्हॉल्व्हच्या दांड्यांपर्यंत पोचली होती आणि चाके फिरवताना करकर ऐकू आली. आता घुमट सुटा काढूनच घासला जातो आणि बाकीच्या इंजिनाला फक्त मऊ ब्रश आणि सुती फडके लागते. चालवून झाल्यावर इंजिन गरम असतानाच पुसायचे, वंगणपात्रातले पाणी पिचकारीने ओढून घ्यायचे, बॉयलर रिकामा करून बूच उघडेच ठेवायचे. एवढे झाल्याशिवाय ते कपाटात जात नाही. मूळ खोक्यातला फोम विरघळून चिकट झाला होता, तो फेकून जुन्या सुती साडीच्या घड्यांची गादी केली आहे.

सध्या इंजिन चालत नाही. पाणकाचेच्या खालच्या टोकाची रबरी रिंग कडक होऊन थेंब सोडू लागली आहे, आणि तिथली नट बीए (ब्रिटिश असोसिएशन) या ब्रिटिश मापाच्या आट्याची असल्यामुळे लोहिया बाजारात तिला बसेल असे काही मिळाले नाही. मेट्रिक नट ओढून बसवण्याचा एका दुकानदाराचा सल्ला पुतण्याने नाकारला. रिंगा आणि नटा दोन्ही बाहेरून मागवल्या आहेत. त्या आल्या की सेफ्टी व्हॉल्व्ह काढून पुन्हा ९० पौंडांची थंड पाण्याची चाचणी घ्यायची आणि काटा स्थिर राहिला तरच गॅस भरायचा, असे वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर लिहिलेले आहे.